‘गाढवाचं लग्न’ अहिराणीत करायचे आहे : मूळ वगाला धरून चालावे की चित्रपटाला?

पांझराकाठ यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार.

आमचे गाव धुळे तालुक्यात पांझरेच्या काठी आहे आणि ग्रामदेवतेच्या यात्रेत आमचे हौशी मंडळ दर वर्षी एक नाटक बसवते. येत्या चैत्रात ‘गाढवाचं लग्न’ अहिराणीत करावे, असे सर्वानुमते ठरले आहे. ठरण्यापर्यंतच एकमत झाले. त्यानंतर मात्र मंडळात सरळ दोन तट पडले आहेत, म्हणून जाणकारांचे मत विचारतो आहे.

हरिभाऊ वडगावकरांचा हा वग, म्हणजे तमाशातले नाट्य, दादू इंदुरीकरांनी सावळ्या कुंभाराच्या भूमिकेत आणि प्रभा शिवणेकरांनी गंगीच्या भूमिकेत गाजवला, हे आमच्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. पुढे प्रकाश इनामदार आणि जयमाला इनामदार यांनी तो नाट्यगृहांत नेला, त्यानंतर मोहन जोशींनीही सावळ्या रंगवला. आमच्या मंडळातील मुलांनी यांपैकी काहीही पाहिलेले नाही. त्यांच्यासाठी ‘गाढवाचं लग्न’ म्हणजे २००७ सालचा, मकरंद अनासपुरे यांचा चित्रपट, आणि त्यातील प्रसंग त्यांना तोंडपाठ आहेत. त्यांचे म्हणणे असे की गावाने चित्रपट पाहिलेला आहे, तेव्हा लोक तेच प्रसंग पाहण्याच्या अपेक्षेने येतील. ज्येष्ठांचे म्हणणे असे की गण (सुरुवातीचे देवाचे स्तवन), गवळण (कृष्ण-गवळणींचा प्रवेश) आणि बतावणी (आयत्या वेळचे विनोदी संवाद) गाळली तर उरते ती गोष्ट, वग उरत नाही.

माझी स्वतःची अडचण आणखी वेगळी आहे. अहिराणी करण्याचे काम माझ्याकडे आले. बारा पाने झाल्यावर मी ती ओट्यावर बसून आठ-दहा जणांना वाचून दाखवली, आणि सावळ्या-गंगीच्या ज्या भांडणावर आम्ही लहानपणी पोट धरून हसलो होतो, त्यावर एकही माणूस हसला नाही. माझी आई तेवढी बोलली. ती म्हणाली, की शब्द आपलेच आहेत, पण असे भांडण आपल्याकडे कोणी करत नाही.

तेव्हापासून लेखणी थांबली आहे. कोणत्या आवृत्तीचा आधार घ्यावा, गण-गवळण ठेवावी का, आणि परवानगीचे काय करावे लागते, हे कृपया सांगावे.

---

तुणतुणे यांचे उत्तर

पांझराकाठ, आपला प्रश्न वाचून फार आनंद झाला. माझे वडील तमाशाच्या एका फडात ढोलकी वाजवत असत आणि शाळेच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर यात्रांतून हिंडलो आहे, त्यामुळे हा वग मी बहुतेक वेळा समोरून नव्हे, तर कनातीच्या आतून पाहिलेला आहे.

एक गोष्ट अजून डोळ्यांसमोर आहे. गाढवाची भूमिका करणारा नट आपली पाळी येईपर्यंत पत्र्याच्या पेटीवर बसून राही. गाढवाचे मुंडके गुडघ्यावर उलटे ठेवलेले असे, त्याच्या आतल्या बाजूला घामाने काळे पडलेले फडके शिवलेले दिसे, आणि तो माणूस शांतपणे बशीतून चहा पीत असे. वडिलांची थाप पडली की तो मुंडके चढवी आणि बाहेर जाई. मी सगळे आतून पाहिलेले असूनही, सावळ्याने त्याच्याकडे वळून पहिला प्रश्न विचारला की मलाही ते गाढवच वाटू लागे. सावळ्या ज्या विश्वासाने त्याच्याशी बोलतो, तो विश्वासच त्याला गाढव करतो. पडद्यावर गाढव दाखवता येते. वगात ते प्रेक्षकांनी मानावे लागते, आणि मानण्यातच अर्धी मजा असते.

स्थळ बदलण्याचेही तसेच आहे. सावळ्याने मंचावर एक फेरी मारली, मागे सूर धरणाऱ्या सुरत्यांनी ‘जी जी रं जी’ ओढले, की कुंभारवाड्यातून थेट राजवाडा. त्यासाठी ना पडदा लागतो ना महाल. चित्रपटाला मात्र वाडा उभा करावा लागतो, राजाला सिंहासन द्यावे लागते, आणि एकदा खरे सिंहासन दिसले की त्यासमोर उभा असलेला कुंभार खरोखरच गरीब आणि लहान दिसू लागतो. वगातला राजा त्याच सतरंजीवर उभा असतो जिच्यावर सावळ्या उभा आहे, म्हणून सावळ्याला त्याच्याशी बरोबरीने बोलता येते.

गण आणि गवळण गाळू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. लांबी कमी करा, परंतु गवळणीतील मावशी आणि सोंगाड्या यांची झटापट प्रेक्षकाला हसण्याची सवय लावून ठेवते आणि पुढे सावळ्या आला की त्याला नव्याने सुरुवात करावी लागत नाही. बतावणी तर छापील संहितेत शोधूच नये. जो छापील मजकूर आहे तो सांगाडा आहे. आमच्या फडात सावळ्या करणारा नट संध्याकाळी गावात एक चक्कर मारून येई. कोणत्या गल्लीत चिखल आहे, कापसाला काय भाव मिळाला, कोणाच्या दारात मांडव आहे, हे सारे रात्री सावळ्याच्या तोंडी येई. दुसऱ्या गावी ती वाक्ये गेलेली असत. चित्रपटात एकदा बोललेले वाक्य कायमचे होते, आणि ते पाठ करून पुन्हा म्हटले की लोक नटाची नक्कल पाहतात, सावळ्याला पाहत नाहीत. आपल्या मुलांना एवढे जरूर सांगावे.

---

झोका यांचे उत्तर

मी पारोळ्याकडची आहे. महाविद्यालयात असताना या वगातला एक प्रवेश आम्ही केला होता आणि गंगी माझ्याकडे होती, म्हणून आपल्या आईंचे वाक्य वाचून राहवले नाही. त्यांनी आपल्याला नेमके उत्तर दिलेले आहे. आपण वाक्यांचे भाषांतर केले, नात्याचे केले नाही.

मूळ वगाची बोली पुणे-सातारा बाजूची आहे आणि तिथली गंगी ज्या ठसक्याने नवऱ्याला टाकून बोलते, तो ठसका त्या मातीचा आहे. आपल्याकडची बाई भांडते, चांगली भांडते, पण भांडण्याची रीत निराळी आहे. चारचौघांत ती नवऱ्याचे नाव घेत नाही, ‘आयका का’ म्हणून सुरुवात करते आणि ‘तुम्ही’ सोडत नाही. राग अनावर झाला की तेच ‘तुम्ही’ गळून ‘तू’ येते, आणि ते कुठे गळते हे ऐकणाऱ्या प्रत्येक बाईला कळते. आपल्या गंगीला पहिली पाच-सात वाक्ये ‘तुम्ही’ म्हणू द्या. सावळ्या प्रत्येक वाक्याला आळसाने ‘हं’ म्हणेल. मग एकदम ‘तू’ येऊ द्या, सावळ्याला दचकून उठू द्या, आणि पाहा, ओट्यावर कोण हसत नाही ते.

आता भांडण कशावरून असावे? सावळ्या आळशी आहे एवढ्यावर खानदेशात भांडण उभे राहत नाही, कारण आळशी नवरा ही काही विशेष गोष्ट नाही. मला सुचते ते असे की सारा वग आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तोंडावर घडू द्यावा. आपली यात्रा चैत्रात आहे, म्हणजे प्रेक्षकांच्या मनात आखाजी आधीच बसलेली असेल. आखाजीला घरोघर नवी घागर भरतात, त्यावर केळी, म्हणजे लहान मडके, ठेवतात, डांगर (खरबूज), आंबे आणि सांजोऱ्या ठेवून पितरांना घास टाकतात. म्हणजे वर्षात कुंभाराच्या घरी चार पैसे येण्याचे जे थोडे दिवस असतात, त्यांतले हे सर्वांत मोठे. आणि नेमक्या त्याच दिवसांत गावोगावच्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. गंगी मात्र माहेरी जाऊ शकत नाही, कारण घागरी भाजायच्या आहेत, विकायच्या आहेत आणि सावळ्या तर आव्याला, म्हणजे मडकी भाजण्याच्या भट्टीला, लाकडेसुद्धा आणत नाही. इथे तिचा राग कोणाला समजावून सांगावा लागणार नाही. ती म्हणेल, ‘समद्या पोरी माहेरले उन्यात, आन मी आठे तुन्हा गधडानी चाकरी करस.’ (सगळ्या मुली माहेरी आल्या आणि मी इथे तुझ्या गाढवाची चाकरी करते.) त्यावर सावळ्याने कोणताही विनोद करू नये. त्याने अगदी खरेपणाने विचारावे, ‘तू माहेरले गयी ते माले भाकर कोन दी?’ हे वाक्य स्वार्थाचे आहे आणि प्रेमाचेही आहे, आणि गंगीला दोन्ही कळते, म्हणून ती एक क्षण गप्प राहते. हा क्षण आपल्या नटीने खाऊ नये.

गंगीला कजाग करून टाकण्याची जी रीत पडली आहे, ती मला मनापासून खटकते. या वगातले खरे प्रेमप्रकरण राजकन्येचे नाही. शापित गंधर्व गाढव होऊन पृथ्वीवर येतो, कुंभाराच्या घरी राहतो आणि राजकन्येशी लग्न लावून दे म्हणून हट्ट धरतो, ही गोष्ट विक्रमादित्याच्या पित्याच्या, गंधर्वसेनाच्या लोककथेच्या कुळातली आहे आणि ती आपल्या चालीने शेवटाला पोचतेच. माणसे परत परत पाहायला येतात ती सावळ्या आणि गंगीला. ज्याच्याकडे दोन वेळची भाकर नाही तो माणूस दुसऱ्याच्या लग्नाची मागणी घेऊन राजाकडे निघतो, आणि बायको त्याला वेड्यात काढत काढत त्याच्या खांद्यावरचे उपरणे नीट करते. आम्ही प्रवेश केला तेव्हा उपरण्याची ही हालचाल आम्हाला कोणी सांगितली नव्हती. तालमीत माझ्या हातून सहज झाली आणि मग ती राहिली.

आणखी एक सुचवते. गंगीच्या हाताला काम द्या. भांडताना तिने भाजलेली मडकी एकेक उचलून बोटाच्या पेराने वाजवून पाहावीत. पक्के मडके खणखणीत वाजते, तडा गेलेले बद्द वाजते. सावळ्या बढाई मारेल तेव्हा तिने उत्तर देऊ नये, फक्त हातातले मडके वाजवावे, आणि ते बद्द वाजावे. खरी मडकी आणा, प्लॅस्टिकची चालणार नाहीत. आमच्या वेळी घाईत एक फुटले आणि प्रेक्षकांतल्या एका म्हातारबाबांनी त्याची किंमत मोठ्याने सांगितली. सावळ्या करणाऱ्या मुलाने त्यावरच पुढचे वाक्य रचले.

---

दीपनगरचा वाचक यांचे उत्तर

‘झोका’ यांनी जे सांगितले त्याला दुसऱ्या एका लोकनाट्याचा पुरावा जोडतो. वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५ साली रंगमंचावर आले. त्याआधी त्याचे नाव ‘छपरी पलंगाचा वग’ होते. राज्यात कोतवालाची जागा रिकामी होते, ती ज्या हवालदाराला मिळायला हवी त्याला न मिळता प्रधानाच्या मर्जीतल्या माणसाला मिळते, आणि मग हवालदार व मैनावती मिळून नव्या कोतवालाला राजाचा छपरी पलंग चोरायला लावतात. गोष्ट प्रेमाची आणि डाव टाकण्याची, विनोद सत्तेवरचा.

हेच नाटक हिंदीत गेले तेव्हा त्याला ‘सैयाँ भये कोतवाल’ हे नाव मिळाले. हे मूळ नावाचे भाषांतर नाही. साजणच कोतवाल झाला, आता भीती कोणाची, ही म्हण हिंदी माणसाच्या तोंडी आधीपासून होती आणि रूपांतर करताना तीच उचलली गेली. ‘विच्छा’ या शब्दातला गावरान गोडवा हिंदीत नेता आला नसता, तो नेण्याचा हट्ट धरला नाही, आणि त्या भाषेच्या घरात जे होते ते वापरले. म्हणूनच ते नाटक तिकडच्या रंगभूमीवर आपलेसे झाले. अहिराणीतही हाच मार्ग धरावा लागेल. आखाजीची कल्पना मला त्या म्हणीसारखीच वाटते.

‘तुणतुणे’ यांच्याशी मात्र मी एका मुद्द्यावर सहमत नाही. चित्रपटाने वगाचे नुकसानच केले, असा सूर त्यांच्या लिहिण्यातून निघतो. ‘विच्छा’चा प्रयोग आशा भोसले यांनी पाहिला, त्यांनी त्यात काम करणाऱ्या दादा कोंडके यांचे नाव दिग्दर्शक भालजी पेंढारकरांना सुचवले आणि त्यातून १९६९ साली ‘तांबडी माती’मध्ये दादांचा पडद्यावर प्रवेश झाला. दोनच वर्षांनी आलेल्या ‘सोंगाड्या’चे लेखनही सबनीसांचेच. म्हणजे लोकनाट्यातला भोळा, अडाणी दिसणारा पण वेळेला मोठ्यांची फजिती करणारा गडी मंचावरून पडद्यावर गेला आणि तेथेही गावोगाव तितकाच प्रिय झाला. पुढे विजय कदमांनी ‘विच्छा’ पुन्हा रंगमंचावर केले तेव्हा ज्यांनी मूळ प्रयोग पाहिला नव्हता अशी माणसे त्याला आली. ‘गाढवाचं लग्न’चेही तसेच आहे. तुमच्या मंडळातल्या मुलांना सावळ्या माहीत आहे तो चित्रपटामुळे. त्यांना नाउमेद करू नका. चित्रपटातून त्यांनी गती घ्यावी, प्रसंगांचा नेटका क्रम घ्यावा. वाक्ये आणि लकबी तेवढ्या घेऊ नयेत.

---

तिसरी घंटा यांचे उत्तर

परवानगीविषयी थोडक्यात लिहितो, कारण याकडे शेवटच्या आठवड्यात लक्ष जाते आणि मग धावपळ होते.

लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे लेखनहक्क टिकतो. तेव्हा हक्क आज ज्यांच्याकडे असतील त्यांची लेखी संमती घ्या, आणि त्यात ‘अहिराणी रूपांतर’ हे शब्द स्पष्ट येऊ द्या, कारण प्रयोगाची परवानगी आणि रूपांतराची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चित्रपटासाठी म्हणून नव्याने लिहिलेले प्रसंग, संवाद किंवा गाणी घ्यायची असतील तर त्यांचे हक्क पुन्हा निराळे. माझ्या मते त्या वाटेला जाऊच नये.

जाहीर प्रयोगासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. संहिता अहिराणीत असेल तर अहिराणीच पाठवावी. बतावणी उत्स्फूर्त असली तरी तिचा आराखडा संहितेत लिहून ठेवावा. आम्ही एका वर्षी ती जागा कोरी ठेवली होती आणि आमची संहिता दुरुस्तीसाठी परत आली.

ध्वनिक्षेपकाला रात्री १० नंतर बंदी असते, हेही ध्यानात ठेवावे. जुने वग पहाटेपर्यंत चालत. आपल्याला साडेसातला गण सुरू करून सव्वादोन तासांत गाढवाचे लग्न लावावे लागेल.

---

तुणतुणे यांचे उत्तर

‘दीपनगरचा वाचक’ यांचे म्हणणे मान्य आहे. मी फडाच्या बाजूने लिहिले, त्यात चित्रपटावर थोडा अन्याय झाला. वडिलांचा फड मोडला तो चित्रपट येण्याच्या कितीतरी आधी, आणि त्याची कारणे वेगळी होती.

सव्वादोन तासांचा हिशेब पाहता गणाला पाच मिनिटे, गवळणीला पंधरा आणि बतावणीला वीस, याहून अधिक देऊ नये. कात्री लावायचीच तर राजदरबाराला लावावी. राजा आणि प्रधान यांची आपसांतली भाषणे लांबली की मुले मैदानाच्या कडेला भेळ खायला निघून जातात, हे मी दर यात्रेत पाहिलेले आहे. दरबाराची बोली मात्र अहिराणी करू नका. राजाने छापील मराठी बोलावे आणि सावळ्याने अहिराणी. राजाला ‘माले’, ‘तुले’ समजत नाही आणि सावळ्याला ‘अवश्य’, ‘तथापि’ समजत नाही, यातून विनोद आपोआप उभा राहील. आपल्यापैकी प्रत्येकाने तालुक्याच्या कचेरीत हे अनुभवलेले आहे.

---

पांझराकाठ यांचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला आठ दिवस लागले, कारण या आठ दिवसांत मी आधीची बारा पाने बाजूला ठेवली आणि पहिला प्रवेश नव्याने लिहिला.

आखाजी घेतली. त्यासाठी गावातल्या कुंभारवाड्यात जाऊन दोन दुपारी बसलो. तिथल्या आजींनी मला मातीत गाढवाची लीद कालवतात ते दाखवले आणि ती न घातल्यास मडके भाजताना तडकते, असे सांगितले. हे ऐकताच मला सावळ्याचे एक उत्तर सापडले. गंगी म्हणते, की या गाढवाचा घरात उपयोग काय, आणि सावळ्या शांतपणे सांगतो, की तुझी एकही घागर याच्याशिवाय उभी राहिलेली नाही. आजी त्यावर इतक्या हसल्या की हातातले थापटणे त्यांनी खाली ठेवले.

‘तुम्ही’वरून ‘तू’वर येण्याची जागा मी सहाव्या वाक्यावर ठेवली होती. परवा ओट्यावर वाचन केले. आईने सांगितले, की सहावे फार लवकर होते, बाई इतक्या लवकर ‘तू’वर येत नाही, आधी ती भांडी आपटते. म्हणून आता मडकी वाजवण्याचा भाग अलीकडे आणला आहे आणि ‘तू’ नवव्या वाक्यावर गेले आहे. या वेळी लोक हसले. मागच्या बाजूला बसलेल्या माझ्या काकू मात्र, ‘भाकर कोन दी’ या वाक्यावर हसल्या नाहीत. त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

दरबार छापील मराठीत ठेवण्याची सूचना मुलांना फार आवडली आणि राजाची भूमिका चित्रपटवेड्या गटाच्या म्होरक्याकडेच दिली आहे. संमतीसाठी पत्रव्यवहार सुरू केला आहे. संमती आल्यावरच पुढच्या तालमी होतील.

एक अडचण उरली आहे. गाढवाचे मुंडके कागदाच्या लगद्याचे करून पाहिले, पण ते इतके जड झाले की पोराला मान वळवता येत नाही आणि आतून बोललेले बाहेर ऐकू येत नाही. ‘तुणतुणे’, आपल्या वडिलांच्या फडातील मुंडके कशाचे होते आणि त्याला बोलण्यासाठी जागा कुठे ठेवली होती, हे आठवत असेल तर जरूर लिहावे.

---

तुणतुणे यांचे उत्तर

वेताच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यावर पोत्याचे कापड, दोन थरांत खळ लावून वाळवलेले. उचलायला पाण्याच्या तांब्याहून जड नव्हते. तोंडाची जागा गाढवाच्या जबड्यात नव्हे, तर त्याखाली गळ्याशी ठेवलेली असे, तिथे काळे जाळीचे कापड लावत आणि नट मान वर करून बोलत असे, म्हणजे लांबून गाढवच बोलते आहे असे दिसे. कान मात्र वेगळे शिवलेले होते आणि त्यांना आतून दोरी होती. डावा कान हलवला की ढोलकीवाल्याला कळे, की आता वाक्य येणार आहे. येत्या रविवारी मी धुळ्याला येणार आहे. मुलांना कामट्या आणि पोते तयार ठेवायला सांगा, आपण बसून एक करून पाहू.